धम्माची धुरा कोणी वाहायची?



तुमच्या घरी धम्म आला. तुम्ही त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, जुना देव्हारा उतरवला. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. हे सर्व झाले आणि सहा महिन्यांनी घरातले वडीलधारे माणूस वारले, असे समजा. अंत्यविधी कसा करायचा? वंदना कोणी घ्यायची? पुण्यानुमोदनाच्या दिवशी काय सांगायचे? वस्तीत हे सारे येणारा एकच गृहस्थ, आणि तो नेमका कामासाठी परगावी गेलेला. मग सोयरे हळूच म्हणतात, "या वेळेपुरता पूर्वीचाच रिवाज करा, पुढचे पुढे पाहू." श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी ज्या घराने प्रतिज्ञा घेतली, त्याच घरी दहाव्या दिवशी पिंड ठेवला जातो.

यात त्या कुटुंबाला दोष देऊन काय उपयोग? साऱ्या वस्तीने एकाच माणसाच्या खांद्यावर भार टाकला होता आणि दुसरा खांदा तयारच केला नव्हता. म्हणून आज मी तुमच्याशी प्रौढ माणसांच्या शिक्षणाविषयी बोलणार आहे. शेतात, कारखान्यात, कचेरीत राबणाऱ्या, चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या तुमच्यासारख्या उपासक-उपासिकांनी धम्मकार्यात पुढे कसे यावे, हा आजचा विषय आहे.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मध्ये अवघे ५३ दिवस गेले. एवढ्या काळात गावोगावी भिक्खू कोठून पोचणार? त्यानंतर खेड्यापाड्यांत धम्म नेला तो साध्या कार्यकर्त्यांनी. आज तुमच्या घरी पंचशील म्हटले जाते, त्यामागे अशा कितीतरी अनाम माणसांचे श्रम आहेत.

माणसे तयार केली पाहिजेत, हे बाबासाहेबांनी आधीच ओळखले होते. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत, शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केली, ही खंत त्यांनी उघडपणे बोलून दाखवली. पण ते खंत करीत बसले नाहीत. धम्माच्या कामासाठी त्यांनी १९५५ सालीच भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली होती. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत एक आगळी शाळा सुरू केली. तिचे नाव 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स'. सार्वजनिक जीवनात पडणाऱ्यांनी आधी अभ्यास करावा, हा तिचा हेतू. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते फक्त १५. वक्तृत्वावर बोलण्यासाठी बाबासाहेब स्वतः तेथे येणार होते. तो दिवस उगवलाच नाही, आणि मार्च १९५७ मध्ये शाळाही बंद पडली.

ती शाळा राजकारणाची होती, धम्माची नव्हती, हे खरे. पण तिच्यामागचा विचार पाहा. ज्यांच्या एका हाकेला लाखो माणसे धावत येत, ते बाबासाहेब आयुष्याच्या शेवटच्या वर्षी १५ जणांना शिकवण्याची व्यवस्था करीत होते! गर्दी जमली म्हणजे समाज उभा राहिला, असे त्यांनी मानले नाही. आपण मात्र जयंतीच्या मिरवणुकीची गर्दी पाहून समाधान मानतो आणि त्यातले पंधरा जण तरी वर्षभर काय शिकले, हे विचारायला विसरतो.

आता भगवंतांच्या काळातील एका गृहस्थाची गोष्ट ऐका. आळवी नावाच्या नगरात हत्थक नावाचा उपासक राहत असे. तो भिक्खू नव्हता, संसारी माणूस होता. एकदा तो ५०० उपासकांना बरोबर घेऊन भगवंतांच्या दर्शनाला गेला. भगवंतांनी त्याला विचारले की, एवढी मोठी परिषद तू एकत्र कशी ठेवतोस? हत्थकाने उत्तर दिले की, भगवंतांनीच शिकवलेल्या चार संग्रहवस्तूंनी. जो दानाने जवळ येईल त्याला मी दानाने जोडतो, जो गोड शब्दाने येईल त्याला गोड शब्दाने, ज्याला मदतीचा हात हवा त्याला त्याच्या हिताचे काम करून, आणि ज्याला बरोबरीची वागणूक हवी त्याला बरोबरीने वागवून.

हत्थकाने आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली. माझ्या घरी संपत्ती आहे, गरिबाचे बोलणे लोक असे ऐकून घेत नाहीत, असे तो म्हणाला. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे बोल आजही खरे वाटतात की नाही? म्हणून आपल्या वस्तीत आपण उलट नियम केला पाहिजे. ज्याच्या घरी पैसा कमी, त्याचे म्हणणे आधी ऐकावे. आपणही कालपर्यंत असेच होतो, ज्यांचे कोणी ऐकत नव्हते.

भगवंतांनी हत्थकाची स्तुती केली, ती तो निघून गेल्यावर, भिक्खूंसमोर. त्याच्या गुणांमध्ये त्यांनी अल्पेच्छताही मोजली. आपले गुण लोकांना कळावेत, अशी हाव त्या माणसाला नव्हती. पत्रिकेत नाव खाली छापले म्हणून रुसून बसणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बंधूंनो, या चार गोष्टी जन्मताच अंगी येत नाहीत. त्या शिकाव्या लागतात, आणि शिकता येतात.

दान म्हणजे केवळ पैसा नव्हे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने रविवारी सायंकाळचा एक तास वस्तीतल्या मुलांना दिला, तर तेही दानच आहे. प्रियवचन म्हणजे खुशामत नव्हे. शेजारी अजून गंडा-ताईत बांधतो म्हणून त्याला चारचौघांत टाकून बोलू नये; त्याच्या घरी जाऊन, पाणी पिऊन, समजावून सांगावे. अर्थचर्या म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे काम. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणे, हेही धम्मकार्यच. आणि समानात्मता म्हणजे सर्वांशी सारखे वागणे. दीक्षा घेऊनही जर आपण पोटजात विचारून सोयरीक करीत असू, तर आपल्या व्याख्यानाला कोण मान डोलावणार?

माणूस तयार झाला तरी कामाला शिस्त लागते. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर चाल करून जाणार होता. त्याचा मंत्री वस्सकार भगवंतांकडे आला. तेव्हा भगवंतांनी आनंदाला वज्जींविषयी प्रश्न विचारले. ते वारंवार सभा भरवतात का? एकत्र जमतात, एकत्र उठतात आणि आपली कामे मिळून करतात का? वृद्धांचा मान राखतात का? स्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत ना? हे सारे पाळले जाईल तोवर वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे भगवंतांनी सांगितले. वस्सकाराला जे उमजायचे ते उमजले. या लोकांना लढाईत जिंकता येणार नाही, त्यांच्यात फूट पाडली तरच ते हरतील, असे तो म्हणाला.

एकाच वस्तीत दोन मंडळे आणि दोन वर्गण्या पाहिल्या की मला वस्सकाराची आठवण होते. बहुतेक भांडणे हिशेबावरून सुरू होतात. म्हणून वही ठेवायला शिका. दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचा. सभेत काय ठरले ते लिहून ठेवा, आणि पुढच्या सभेत तेच आधी वाचा. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ठराविक मुदतीने बदला. खुर्ची सोडणारा माणूस नव्या माणसाच्या शेजारी बसून त्याला काम शिकवील, अशी प्रथा पाडा.

यात भगिनींना मागे ठेवू नका. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या. हजारो बाया आल्या, ठराव मांडले, संमत केले. आजींच्या पिढीने व्यासपीठ गाजवले, आणि नातीने विहारात फक्त खीर वाढायची काय? वंदना घेणे, सभा चालवणे, हिशेब ठेवणे, विवाहविधी लावणे, ही सारी कामे उपासिकाही करू शकते.

शिकण्याची सोय नाही, असे म्हणू नका. भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरे भरतात, बौद्धाचार्यांचे प्रशिक्षण होते, उपासिकांची शिबिरे होतात, वर्षावासात प्रवचनमाला चालते. श्रामणेर शिबिरात प्रौढ, संसारी माणसे चीवर धारण करून दहा दिवस शीलाने राहतात, विधी आणि धम्म शिकतात आणि पुन्हा आपल्या कामावर जातात. "माझे वय झाले, आता काय शिकू?" असे मनात येईल. पण दीक्षा घेतली तेव्हा बाबासाहेबांचे वय ६५ वर्षांचे होते, आणि त्या वयातही ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथावर काम करीत होते.

येत्या पौर्णिमेला एवढेच करा. वस्तीतली पाच नावे ठरवा, त्यांत निदान दोन भगिनी असू द्या. एकाने वंदना शिकावी, एकाने विवाह आणि अंत्यविधी, एकाने हिशेब, एकाने मुलांचा वर्ग आणि एकाने सरकारी अर्ज-कागद. पाचही जणांची रजा, प्रवासखर्च आणि घरची अडचण वस्तीने मिळून सांभाळावी. वर्षभराने त्या पाचांनी आणखी पाच तयार करावेत.

भगवंतांनी आपल्या मागे कोणालाही गादीवर बसवले नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ता, असे सांगून ते गेले. आपल्याकडे गादी नाही, म्हणून वारसाची वाट पाहण्याचेही कारण नाही. पुढच्या वेळी वस्तीत कोणाच्या घरी दुःखाचा प्रसंग येईल, तेव्हा दारात पाच माणसे उभी राहिली पाहिजेत, आणि त्या घराला "आता कोण?" हा प्रश्न पडता कामा नये.

नमो बुद्धाय. जय भीम.