मुदतीनंतरचा प्रामाणिकपणा

'उशिरा सुचलेले शहाणपण' हा शब्दप्रयोग आपण नेहमी नाक मुरडूनच करतो. वेळ टळल्यावर शहाणपण सुचले काय नि न सुचले काय, असा त्यातला सूर असतो. मला मात्र अलीकडे या सुराविषयी शंका वाटू लागली आहे. उशीर झाला म्हणून शहाणपणाचे मोल खरोखरच शून्य होते काय?

शंकेचे कारण तसे साधे आहे. कोल्हापुरात आमच्या शुक्रवार पेठेत राहणारे एक गृहस्थ दिवसा एका पेढीत नोकरी करतात आणि संध्याकाळी गुळाच्या दोन-तीन अडत्यांचा जमाखर्च लिहितात. पगारावरचा प्राप्तिकर पेढी कापून घेते. संध्याकाळच्या पैशाचा उल्लेख त्यांनी सरकारदरबारी कधी केलाच नव्हता. त्यात लबाडीपेक्षा सवयच अधिक होती. पगार म्हणजे दूध आणि वरचा पैसा म्हणजे साय, असे पुष्कळजण धरून चालतात. पण साय काही आभाळातून पडत नाही. ती दुधाचीच असते! गेल्या दिवाळीत एका अडत्याकडे वहीपूजन झाले. वहीवर 'श्री' लिहिताना यांच्या मनात आले की, दुसऱ्यांची पै न् पै आपण मांडतो, आपली तेवढी कुठेच मांडलेली नाही. मागल्या वर्षांच्या विवरणपत्रांच्या मुदती तर केव्हाच टळल्या होत्या. ते मला म्हणाले, "आता बोलावे, की गप्प बसावे?"

कायद्याने बोलायला जागा ठेवली आहे. २०२२ साली 'अद्ययावत विवरणपत्रा'ची सोय झाली. आरंभी तिला करनिर्धारण वर्ष संपल्यापासून दोन वर्षांची मर्यादा होती. २०२५ साली ती चार वर्षांची झाली. पण ही सोय फुकट नाही. राहिलेला कर आणि त्यावरील व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के जादा भरावे लागतात. घरात झडती झाल्यावर मात्र ही वाट बंद. कोणी दार ठोठावण्याआधी यावे, आणि जितका उशीर तितके अधिक द्यावे, असा हा हिशेब आहे.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर या गृहस्थांना सल्ले पुष्कळ मिळाले. "कोण विचारतो?" हा पहिला. दुसरा अधिक तर्कशुद्ध होता: "बागायतदाराच्या उसाच्या बिलावर प्राप्तिकर नाही, मग तुमच्या चार पैशांवर का?" शेतीचे उत्पन्न या करातून मुक्त आहे हे खरे. ती सवलत योग्य की अयोग्य यावर खुशाल वाद घालावा, मतपेटीतून बोलावे. पण दुसऱ्याला मिळालेली सूट हे आपल्या मौनाचे समर्थन होऊ शकत नाही. तिसरा सल्ला असा: "थांबा हो, सरकार कधी तरी माफी जाहीर करतेच!"

हा तिसरा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याला इतिहासाचा आधार आहे. आपण होऊन उत्पन्न उघड करण्याच्या योजना आपल्याकडे १९५१ साली आल्या, १९६५ साली आल्या, आणि १९९७ साली तर मोठ्या गाजावाजाने आल्या. १९९७ मध्ये व्यक्तीने ३० टक्के कर भरला की व्याज नाही, दंड नाही. फार जुन्या उत्पन्नातून घेतलेल्या सोन्याची किंमत १९८७ च्या भावाने धरण्याचीही मुभा होती. सुमारे ३३ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न उघड झाले. पण ज्याने पोटाला चिमटा घेऊन दरवर्षी वेळेवर कर भरला होता, त्याला त्या दिवशी काय वाटले असेल? त्याच्या सचोटीचीच थट्टा झाली.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या भावांची कथा आहे. शंख आश्रमात नसताना लिखिताने त्याच्या झाडाची फळे न विचारता खाल्ली. शंख म्हणाला, ही चोरी झाली. राजाकडे जाऊन शासन मागून घे. सुद्युम्न राजा क्षमा करायला तयार होता; लिखिताने मात्र शासनच मागितले, आणि त्याचे हात तोडले गेले. पुढे बाहुदा नदीत स्नान केल्यावर ते हात त्याला परत मिळाले. ती शिक्षा आज आपल्याला ऐकवतही नाही. पण लिखिताने क्षमा का नाकारली असावी, हे मला आता उमगते. राजाची क्षमा घेऊन तो सुटला असता. भावाच्या डोळ्यांना डोळा मात्र भिडवू शकला नसता.

आमच्या गृहस्थांनी सगळा भरणा केला. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाकरिता ठेवलेल्या रकमेला हात लावावा लागला. घरातून विरोध झाला, आणि तो अगदीच गैर होता असे मी म्हणणार नाही. सचोटीने भरले की भीतीने, हे त्यांनाही नीट सांगता आले नाही. पण आमच्याच गल्लीत डबे करून देणाऱ्या एक बाई आहेत. त्या दरवर्षी मुदतीच्या आत विवरणपत्र भरतात. जादा भरलेले ते टक्के सरकारच्या तिजोरीत गेले खरे, तरी मला वाटते, ते देणे होते या बाईंचे. उशिराचे शहाणपण शून्य मोलाचे नसते. उशिराची किंमत कुरकुर न करता मोजली, तर वेळेवर आलेल्यांच्या रांगेत, त्यांच्या मागे का होईना, उभे राहण्याचा हक्क ते मिळवून देते.