व्यसन सुटण्याआधीची सेवा

आषाढीच्या वाटेवर माळशिरस तालुक्यातून दोन पालख्या जातात. ज्ञानोबारायांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरीकडे सरकते. तुकोबारायांची पालखी सराटीला नीरास्नान करून अकलूजला येते. अशा तालुक्यात माळकरी असणे म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. माळ घातली की दारू सुटली, मांसाहार सुटला, एकादशी आणि वारी आली. या संयमाने पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी घरे उभी ठेवली आहेत आणि त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न पुढचा आहे. जो नशा सोडत नाही, किंवा सोडू शकत नाही, त्याचे आपण काय लागतो? तो नशा करत असतानाच त्याचा जीव वाचवणे, त्याचे रोग टाळणे, त्याला माणसांत धरून ठेवणे, हा धर्म की त्याच्या पापात भागीदारी?

हा प्रश्न आजच विचारायला कारण आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून सुमारे १८.५ टन इफेड्रिन पकडले. याच इफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन बनते, ज्याला पोरे 'आइस' किंवा 'क्रिस्टल' म्हणतात. त्याचाच भाऊबंद मेफेड्रोन, म्हणजे एमडी, २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आला. २०२४ च्या फेब्रुवारीत दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतून त्याचा प्रचंड साठा निघाला. माळशिरसमध्ये मेथचा सुळसुळाट झाला आहे असे मी म्हणत नाही; इथली जुनी दुखणी दारू, हातभट्टी आणि मावा हीच आहेत. एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अशा उत्तेजक नशा करणाऱ्यांचे प्रमाण ०.१८ टक्के, तर दारू पिणाऱ्यांचे १४.६ टक्के होते. पण माल पुण्या-सोलापूरच्या टापूत पकडला जातो आणि पालखी मार्गाचा चौपदरी रस्ता दारावरून जातो. गावात पहिला मुलगा सापडेल तेव्हा त्याच्याशी कसे वागायचे, हे त्याच्या आईच्या रडण्यात आणि भावकीच्या आरडाओरड्यात ठरवण्यापेक्षा आधी ठरवलेले बरे.

मेथ शरीराचे काय करते ते जवळून पाहिले पाहिजे, कारण निम्मे उत्तर तिथे आहे. झोप आणि भूक दोन्ही जातात. माणूस दोन-दोन, तीन-तीन रात्री जागा राहतो. दात करकर आवळले जातात, तोंड कोरडे पडते, अंग तापते, छाती धडधडते. कातडीखाली किडे फिरताहेत असे वाटून तो हात ओरबाडतो. मग संशय सुरू होतो: दाराबाहेर कोणी आहे, बायको कोणाला तरी फोन करते आहे. नशा उतरली की इतके खोल नैराश्य येते, की पुन्हा ओढल्याशिवाय उठवत नाही. हेरॉइनच्या व्यसनाला ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी गोळी आहे. मेथला तशी सर्वमान्य गोळी आजही नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दोन औषधे एकत्र देऊन पाहिली. ती मिळालेल्यांपैकी १३.६ टक्क्यांना गुण आला, न मिळालेल्यांपैकी २.५ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण औषध घेऊनही बहुतेकांची नशा सुटली नाही हेही तितकेच खरे. म्हणून सार्वजनिक आरोग्याची माणसे साध्या गोष्टी धरून बसतात. पाणी, जेवण, झोप. एकट्याने नशा करू नकोस. टोचून घेत असशील तर सुई दुसऱ्याची नको, ही घे नवी. एचआयव्ही आणि काविळीची तपासणी कर. अंग फार तापले, छातीत दुखले, भास व्हायला लागले तर लगेच दवाखाना गाठ. सोडायची इच्छा झाली की दार उघडे आहे.

हे सगळे धर्माला परके आहे का? माझ्या मते नाही, आणि याचा पुरावा दर आषाढीला याच रस्त्यावर दिसतो. माळशिरसच्या तळावर रात्री कोणी अनोळखी वारकऱ्याच्या पायाला तेल चोळत असतो, कोणी फुटलेल्या फोडावर पट्टी बांधत असतो. २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याने 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' म्हणून वाटेवर तपासणी आणि औषधे देणे सुरू केले. तिथे कोणी गळ्यात माळ आहे का हे पाहून पट्टी बांधत नाही. व्रत ज्याचे त्याने, झेपेल तेव्हा घ्यायचे असते. सेवा वाटेवरच्या सगळ्यांची असते. संयम हे परंपरेने समोर ठेवलेले ठिकाण आहे. तिथे पोहोचलास तरच तुला पाणी देईन, अशी अट परंपरेने घातलेली नाही. एकनाथांची कथा सर्वांना ठाऊक आहे. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. गाढवाची पात्रता तपासायला ते थांबले नाहीत, आणि रामेश्वराला पाणी पोहोचले असेच परंपरेने मानले.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. पट्टी बांधणे वेगळे आणि नशेसाठी सुई हातात देणे वेगळे; दुसऱ्यात कृतीला हातभार लागतो. हे मी मान्य करतो, पण मग हातभाराचा हिशेब नीट व्हावा. सुई मिळाली नाही म्हणून नशा थांबत नाही, फक्त सुई जुनी, दुसऱ्याने टोचलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये या प्रश्नावरचे जगभरचे अभ्यास तपासले. नव्या सुया दिल्याने एचआयव्ही कमी होतो आणि नशा वाढल्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे सुई देणारा नशेत भर घालत नाही, रोग वजा करतो. आपल्याकडेही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात हे काम सरकारच करते. इराणचे उदाहरण तर धर्माच्या नावाने आक्षेप घेणाऱ्यांनी पाहावेच. तिथल्या न्यायसंस्थेचे प्रमुख स्वतः धर्मगुरू होते, आणि २००५ मध्ये त्यांनी सुया आणि हेरॉइनला पर्यायी औषध म्हणून मेथाडोन देणाऱ्या केंद्रांच्या आड येऊ नका असे आदेश काढले. नशा त्यांच्या धर्मात हरामच राहिली. जीव वाचवणे त्यांनी त्याहून वर ठेवले.

दुसरा आक्षेप पारावर ऐकू येतो: करावे तसे भरावे, त्याने केले, तो भोगेल. कर्मसिद्धान्ताचा हा वापर मला सर्वात जास्त खटकतो. कर्माचे फळ मिळते असे मानणाऱ्याने ते फळ पोहोचवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेण्याचे कारण नाही. शिवाय फळ एकट्याला मिळत नाही. एचआयव्ही त्याच्या बायकोपर्यंत जातो, संशयाच्या झटक्यात उचललेला हात पोरांवर पडतो. त्यांचे कोणते कर्म?

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदानाने थोडी नशा जवळ बाळगणे गुन्ह्याच्या यादीतून काढले. रस्त्यांवर उघड नशा दिसू लागली, लोक संतापले आणि २०२४ मध्ये राज्याने ते पुन्हा गुन्हा ठरवले. शिक्षा काढणे सोपे असते, उपचार उभे करणे वेळखाऊ. तिथे पहिले आधी झाले. पोर्तुगालने २००१ मध्ये शिक्षा काढली, पण त्याच वेळी माणसाला उपचाराकडे वळवणारी मंडळे नेमली. ओरेगॉनवरून मी इतकेच शिकतो की नशेखोराला एकटे सोडणे म्हणजे करुणा नव्हे. नुसत्या सहनशीलतेला सेवा म्हणता येत नाही, आणि दार मोकळे ठेवणाऱ्याने आत खाटही घातली पाहिजे.

मग पूर्ण व्यसनमुक्तीचे काय? ती हवीच. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने हजारोंना ती मिळवून दिली आहे, आणि नामस्मरणाने, माळेने, मित्रांच्या गटाने सुटलेली माणसे गावोगाव आहेत. पण सुटायला माणूस जिवंत लागतो, आणि बहुतेकांना ते एका प्रयत्नात जमत नाही. मेथसाठी सर्वात चांगला पुरावा ज्या उपायाला आहे तो ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल: लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटेसे बक्षीस. पाप न करण्याचे पैसे कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण नवस बोलणाऱ्या, एकादशीचे पुण्य मोजणाऱ्या समाजाला हे फार खटकू नये. दुबळ्या मनाला आजच हाती लागणारे फळ दाखवून चांगल्या वाटेवर ठेवायचे, ही युक्ती धर्माने कधीच हलकी मानलेली नाही.

या जिल्ह्याला हा विचार नवा नाही. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना सोलापूर ग्रामीण पोलिसांनी हातभट्टीविरुद्ध 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले. नुसत्या धाडी न घालता दारू गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता. गाळणाऱ्याला वाट दाखवता येते तर पिणाऱ्याला, ओढणाऱ्याला का नाही? कायदाही इथे वाटतो तितका आडमुठा नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या खटल्यातून सूट देते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाऊ शकते. गावातल्या किती आईबापांना हे माहीत आहे? पोरगा सापडला की पोलीस येतील या भीतीने ते त्याला खोलीत कोंडतात, आणि तो तिथेच तापतो. कीर्तनकार महाराजांना, दिंडीप्रमुखांना, आशाताईंना माझी विनंती आहे: व्यसन सोडा हे सांगत राहाच, पण त्याच श्वासात कलम ६४-अ सांगा, आणि केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ ही आहे हेही सांगा.