धागा तुटला की थांबायचं

लॉकडाऊनमध्ये सिडकोतल्या आमच्या घरी माझं ऑफिस आणि अण्णांचा चहा एकाच टेबलावर आला. अण्णांची सगळी नोकरी वाळूजला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून गेलेली. सकाळी साडेनऊला आमचा स्टँड-अप कॉल लागला की ते कप धरून ऐकत बसायचे. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. एकेकानं सांगायचं आणि पंधरा मिनिटांत कॉल बंद. पहिल्याच दिवशी त्यांना हसू आलं. "हे तर आमचं फर्स्ट शिफ्टचं. बोर्डासमोर उभं राहायचं, पाच मिनिटं बोलायचं अन् कामाला लागायचं. तुम्ही याचा कोर्स करता?"

करतो. दोन दिवसांचा, प्रमाणपत्रासकट.

सॉफ्टवेअरवाल्यांची आधीची वाट वेगळी होती. आधी सगळं ठरवा, मग आराखडा, मग कोड आणि शेवटी चाचणी. पायरीपायरीनं खाली उतरणाऱ्या या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात आणि तिचं पितृत्व विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधाला चिकटवतात. गंमत म्हणजे त्या निबंधात वॉटरफॉल हा शब्दच नाही. शिवाय पायऱ्यांची आकृती काढून रॉइस लगेच बजावतात की असं सरळसोट केलंत तर काम फसण्याचा धोका आहे. आकृती सगळ्यांनी उचलली, खालचं वाचायचं राहून गेलं. वेरूळचं कैलास लेणं कळसापासून खाली कोरत आणताना आधी ठरवण्यावाचून इलाज नव्हता. निघालेली ढलपी दगडाला परत बसत नाही. कोडची ओळ संध्याकाळी पुसून पुन्हा लिहिता येते. तिला दगडाची शिस्त लावण्यात आपण बरीच वर्षं घालवली.

दुसरी वाट जपानी कारखान्यांतून आली. १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवं उत्पादन कसं घडतं ते मांडलं. काम एका खात्यानं संपवून दुसऱ्याच्या गळ्यात टाकायचं नाही, रग्बीतल्यासारखं सगळ्या संघानं चेंडू घेऊन पुढं जायचं. स्क्रम हा शब्द तिथला. जेफ सदरलंड यांनी तो १९९३ मध्ये सॉफ्टवेअरात वापरून पाहिला, दोन वर्षांनी केन श्वेबर यांच्यासोबत जाहीरपणे मांडला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथं सतरा जण जमले आणि अशा पद्धतींना एका नावाखाली आणणारा अजाइलचा जाहीरनामा निघाला. कानबानचा, म्हणजे कामांची कार्डं रकान्यांतून सरकवायचा, बोर्ड सॉफ्टवेअरात त्याहून उशिरा आला. तो टोयोटाचा, तैइची ओहनो यांचा. अमेरिकी सुपरमार्केटात गिऱ्हाईक उचलेल तेवढाच माल फळीवर पुन्हा भरतात, तसं कारखान्यात करायचं ही त्यांची कल्पना.

ती अण्णांना समजावून सांगावी लागली नाही. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्यानं लहानमोठे पुरवठादार वाढले. "रिकामी बिन आली की तीच ऑर्डर," अण्णा म्हणाले. "बिनला कार्ड लावलेलं, त्यावर पार्ट नंबर अन् किती नग. त्याच्यावर एक नग जास्ती काढला तरी साहेब विचारायचे, ठेवणार कुठं?" माझ्या स्क्रीनवर 'चालू' रकान्यात तेव्हा एकोणीस कार्डं होती आणि माणसं सहा.

पण टोयोटाच्या पद्धतीचं एक मूळ मोटारीच्याही मागं, मागावर आहे. साकिची टोयोडा सुताराचा मुलगा. आधी त्यांनी हातमाग सुधारला, पुढं यंत्रमाग केले. त्यांच्या १९२४च्या मागाचं वैशिष्ट्य असं की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. वाईट कापड विणलंच जाणार नाही. पैठणच्या विणकराला यात नवल वाटणार नाही. पदरावर मोर भरताना तार तुटली तर तो ती जोडतो, मगच हात पुढं जातो. पुढं मुलगा किइचिरो मोटारींकडं वळला आणि मागाची ती सवय टोयोटाच्या असेम्ब्ली लाइनवर आली. दोष दिसला की कामगारानं दोरी ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. साध्या कामगाराच्या हातात एवढा अधिकार!

आमच्या प्रवासात नेमकं हेच मागं राहिलं. बोर्ड आला, कार्ड आलं, उभं राहणं आलं. दोरी नाही आली. अगदीच नाही असं म्हणणं अन्याय होईल. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये बिल्ड (सगळ्यांच्या कोडची एकत्र जुळणी) मोडला की आधी तो दुरुस्त करायचा असा दंडक आहे. पण वरच्या लोकांना या सगळ्यातलं आवडलं ते दोन आठवड्यांचा स्प्रिंट आणि वेगाचा आलेख.

आमच्या टीममधला एक मुलगा रोज सांगायचा, पेमेंटच्या स्क्रीनवर अडलोय, एकच रक्कम कधीकधी दोनदा कापली जाते. रोज कुणीतरी म्हणायचं, "बरं, नंतर बोलू." अकराव्या दिवशी अण्णांनी कप खाली ठेवला. कॉल संपल्यावर म्हणाले, "ते पोरगं अकरा दिवस तेच सांगतंय. कामून नाही थांबवलं कुणी?" मी म्हटलं, रिलीजची तारीख क्लायंटला दिलीय. "आम्हीबी डिस्पॅचची तारीख द्यायचो," ते म्हणाले आणि उठले.

रिलीज झाला. पैसे दोनदा कापले गेले. रिलीज मागं घ्यायला दोन रात्री लागल्या.

त्यानंतर आम्ही बोर्डावर एक लाल रकाना वाढवला. त्यात कुणीही कार्ड टाकलं की बाकीच्यांनी हातातलं काम ठेवायचं, असं ठरलं. दोन महिन्यांत एकही कार्ड पडलं नाही. मॅनेजर खूश. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "रिकामा? म्हंजे पोरं भेत्यात."

तुमच्या बोर्डावर असा रकाना असेल, तर त्यात शेवटचं कार्ड कधी पडलं आणि कुणी टाकलं, तेवढं उद्या सकाळी बघा.