उठता उठता विचारलेला प्रश्न

धरमपेठेतल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात पडदा अर्धाच आहे. बाहेरच्या बाकावर आतलं थोडंबहुत ऐकू येतं. खोकल्याचं बोलणं संपतं, चिठ्ठी लिहून होते, खुर्ची सरकते आणि मग आवाज एकदम खाली येतो : "डॉक्टरसाहेब, आणखी एक विचारायचं होतं." माणूस बहुधा त्या एका प्रश्नासाठीच आलेला असतो. वडील पंचावन्नाव्या वर्षी हार्टनं गेले, आता आपल्यालाही पंचावन्नावं लागलं. या धास्तीला आजाराचं नाव नाही, म्हणून खोकल्याचं निमित्त लागतं.

या धास्तीवर बाजारात 'फुल बॉडी चेकअप' मिळतं. रिपोर्टात दोन-तीन आकडे ठळक छापून येतात आणि कागद घेऊन माणूस पुन्हा त्याच बाकावर. निरोगी माणसांच्या सरसकट तपासण्यांचा कॉक्रेन संस्थेनं 2019 साली आढावा घेतला. सुमारे अडीच लाख माणसांच्या माहितीत मृत्यूचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलेलं दिसलं. म्हणजे तपासण्याच नकोत, असं नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या 1 लाख 30 हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2009 साली आले. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली आणि दोष सापडल्यास उपचार केले, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कुणाला कोणती तपासणी हवी आणि कोणती नको, हे सांगणारं ओळखीचं माणूस पेशंटला हवं असतं. 'नको' हे तर खास त्याच्याच तोंडून ऐकायचं असतं.

आपल्या नागपुरात तर त्याची गरज फारच आहे, कारण इथे खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. बायको स्वतःच्या गुडघ्यासाठी आलेली असते आणि जाता जाता सांगते, "यांना आताशा तिखट सहन होत नाही." घरात सगळे त्याला ॲसिडिटी समजतात. सावजी रस्सा आवडीनं खाणारा माणूस तिखट टाळू लागला, की जाणता डॉक्टर त्याला बोलावून घेतो, टॉर्च काढतो, तोंड उघडायला लावतो. स्वतःची तीन बोटं उभी मावतात का, पाहायला सांगतो. गालाची आतली त्वचा पांढुरकी, ताठर झालेली असते. तिथेच पुढे कर्करोगाचा धोका असतो. यंत्र लागत नाही, उपाशीपोटी यावं लागत नाही.

मात्र तो माणूस येण्यासाठी एक हवं : डॉक्टरांनी रागावू नये. ओरडा बसणार म्हटल्यावर माणूस "कधीचाच सोडला" म्हणतो आणि पन्नी खिशात खोल सरकवतो. "दिवसाला किती?" एवढंच शांतपणे विचारलं, तर खरा आकडा सांगतो. पुढच्या महिन्यात तो आकडा कमी झाला का, हे डॉक्टरांनी आठवणीनं विचारावं, एवढीच त्याची अपेक्षा असते.

मागच्या हिवाळ्यात मीही खोकला घेऊनच गेलो होतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायच्या आधीच विचारलं, "वडील गेले तेव्हा किती वर्षांचे होते हो?" मी तोवर पुरता टेकलोही नव्हतो. त्या दिवशी खोकल्याचं सांगायचं राहूनच गेलं.