काळी खपली

कारंजा घाडगे तालुक्यात जंगलाला लागून एक गाव होतं. तिथे एक म्हातारा गुराखी पांढऱ्या गवळाऊ गाई चारायचा. श्रावणात नातूही त्याच्यामागे रानात जाऊ लागला.

एका संध्याकाळी पोराच्या गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली दिसली. काका बिडीचा चटका द्यायला सरसावला. शेजारीण रॉकेलची बाटली घेऊन आली. "थांबा ना बापा," म्हातारा म्हणाला आणि त्याने आशाताईला बोलावलं.

आशाताईने बारीक टोकाचा चिमटा पार कातडीला टेकवला, गोचिडीला तोंडाजवळ धरलं आणि न पिरगाळता, झटका न देता, एकसारखं सरळ वर ओढलं. गोचीड अख्खी निघाली. मग तिने जागा साबणाने धुतली. जाताना म्हणाली, "आजची तारीख मांडून ठेवा. ताप आला तर पोरगं रानात जाते हे डॉक्टरला आधी सांगा."

म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. त्याने कॅलेंडरवर कोळशाने रेघ ओढली.

दहा-बारा दिवसांनी पोराला ताप भरला. डोकं ठणकू लागलं. पावसाळी ताप आहे, उतरेल, असं घरचे म्हणाले. म्हाताऱ्याने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, काखेत मारलं आणि पोराला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी रेघ पाहिली. गुडघा पाहिला. तिथे काही नव्हतं. मग त्यांनी पोराचं सगळं अंग तपासलं. चड्डीच्या नाडीखाली एक काळी खपली होती, बिडीने पोळल्यासारखी. दुखत नव्हती, म्हणून पोराने कोणाला दाखवली नव्हती. ती गोचिडीची नव्हतीच. गवतात राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर किड्याची होती. 2018 साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, तो आजार याच किड्यामुळे होतो. रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला.

गोचीड निघाली तेव्हाच बाकीच्यांनी ती गोष्ट मनातून काढून टाकली होती. म्हाताऱ्याने लक्षात ठेवली, म्हणून न दिसलेला चावाही सापडला. जखम धुतल्यानंतरचे दिवसही उपचाराचेच असतात.

पुढे त्या घरात रानातून आलेला माणूस आधी साबण लावून आंघोळ करू लागला, अंगावरचे कपडे गरम पाण्यात टाकू लागला. पोराची आई रोज त्याच्या काखा, कंबर, कानांच्या मागे बघायची. मग सासऱ्यांनाही उजेडात बसवून त्यांची मान बघायची.