कुंभक, निद्रा आणि साक्षी

प्राण ताब्यात आला की मन आणि त्यापाठोपाठ देहाच्या इतर क्रियाही ताब्यात येतात, असे हठयोगाची परंपरा मानते. परंतु हा ताबा हृदयापर्यंत पोहोचतो काय, हा प्रश्न विसाव्या शतकात यंत्रांसमोर मांडला गेला. फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रोस यांनी १९३५ मध्ये भारतात घेतलेल्या आलेखांवरून योगी हृदय जवळजवळ थांबवू शकतात, अशी समजूत रूढ झाली होती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद यांनी वेंगर आणि बागची या संशोधकांसह ती तपासली आणि १९६१ मध्ये निष्कर्ष मांडला, तो असा की श्वास कोंडून, म्हणजे कुंभक करून, छाती-पोटाचे स्नायू आवळले असता छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि नाडी हाताला लागेनाशी होते, पण विद्युत आलेखावर हृदय चालूच असते. यात योगशास्त्र हरले असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण पतंजलींनी प्राणायामाची व्याख्या श्वास-प्रश्वासाच्या गतीचा विच्छेद एवढीच केली आहे. हरले ते प्रदर्शन.

इच्छेचा शिरकाव जेथे मुळीच नाही, त्या निद्रेत हा विच्छेद अधिक गंभीर रूप घेतो. त्याचा एक प्रकार अल्पश्वसन, म्हणजे श्वासाचा प्रवाह निदान दहा सेकंद लक्षणीय घटणे. अशा वेळी रक्तातील प्राणवायू उतरतो, मानेतील रोहिण्यांजवळचे संवेदी पिंड ते ओळखतात, व्हेगस चेतेमुळे ठोके मंदावू शकतात आणि क्षणिक जाग येऊन श्वास सुटताच अनुकंपी चेतासंस्थेच्या उसळीने ते वेगावतात. घसा अडलेला असताना आत ओढलेल्या श्वासाने छातीत निर्माण होणारा ऋण दाब अलिंदांच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, भिंती ताणतो, आणि हे रात्रभर, वर्षानुवर्षे घडत राहिले तर अलिंदांचे अनियमित कंपन जडण्याचा धोका वाढतो.

प्रश्नोपनिषदात इंद्रिये निजली तरी देहनगरीत प्राणाग्नी जागे असतात असे सांगितले आहे, आणि वरील जाग त्याचीच साक्ष मानता येईल. खरी अडचण अद्वैत वेदान्तापुढे उभी राहते. गाढ झोपेतून उठलेला मनुष्य ‘सुखाने झोपलो, काही कळले नाही’ असे म्हणतो, या स्मृतीवरून अद्वैती सुषुप्तीतही साक्षी चैतन्य असल्याचे अनुमान करतात; पण रात्री अनेकदा श्वास अडखळून जागा झालेला रुग्णही पुष्कळदा हेच सांगतो. अद्वैतीचे उत्तर असे असेल की साक्षीला देहाच्या घडामोडी नव्हे, तर केवळ अज्ञान भासते, म्हणून ‘काही कळले नाही’ ही स्मृती झोपेतील श्वासाच्या आलेखाने खोटी ठरत नाही. ते मान्य केले, तरी ‘सुखाने’ या शब्दाला मिळणारा आधार कमकुवत होतो, आणि आनंदमय कोशाची, म्हणजे आत्म्याभोवतीच्या आनंदरूप आवरणाची, सिद्धी ज्या स्मृतीवर उभी केली जाते ती निर्णायक पुरावा म्हणून वापरता येत नाही.