पिस्टन बदलायचा कधी?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जयगडच्या खाडीत या दोन महिन्यांत बोटी विसावतात, मिस्त्र्यांना मात्र उसंत नसते. इंजिन खोललं जातं, सहा पिस्टन फळीवर ओळीने मांडले जातात आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो: अजून एक हंगाम काढतील, की आत्ताच बदलायचे?

उत्तर बहुधा डोळे आणि हातच देतात. लायनरच्या आत वरच्या बाजूला नख फिरवायचं. रिंगचा प्रवास जिथे संपतो तिथे नख अडकलं, की लायनर झिजलेला. रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने मोजायची. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे आहेत का, खाचेत रिंग डुलते का, गजन पिन सैल लागते का, हे बघायचं. शिवाय हंगामभर ब्रीदरमधून धूर किती यायचा, इंजिन तेल किती खायचं, हे बोटीवरचा ड्रायव्हर सांगतो. जाणत्या मिस्त्रीची ही परीक्षा मी फार मोलाची मानतो. पण तिला एक मर्यादा आहे. झीज दिसते, धातूचा थकवा दिसत नाही.

शर्यतीच्या इंजिनांत हा थकवाच निर्णायक ठरतो. फॉर्म्युला वनने २००९ साली इंजिनाला मिनिटाला १८,००० फेऱ्यांची मर्यादा घातली. मर्यादा घालूनही सेकंदाला ३०० फेरे झाले, आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबून उलटा वळतो. वेग दुप्पट झाला, की या वळण्याचा ताण चौपट होतो. त्यात पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. पोलाद एका मर्यादेच्या आतला ताण जवळजवळ अमर्याद वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. प्रत्येक फेरा त्याच्या आयुष्यातून थोडं काहीतरी वजा करतो. पिनच्या भोकापाशी केसाहून बारीक चीर पडते आणि वरून पिस्टन नवा कोरा दिसत राहतो. म्हणून तिथे मोजमापात चोख उतरलेला पिस्टनही ठरलेले तास किंवा किलोमीटर भरले की बाद होतो. नियमांनीही इंजिनं जपून वापरायला लावली. २००४ साली एका शर्यतीच्या सगळ्या दिवसांना मिळून एकच इंजिन, आणि २०१८ साली चालकाला अख्ख्या हंगामात तीन. इंजिनांचं आयुष्य वाढवावंच लागलं, पण ते हिशेब सोडून वाढलं नाही.

हा तासांचा आकडा जयगडच्या बोटीला जसाच्या तसा लावता येणार नाही. मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेणाऱ्या डिझेल इंजिनाचे शत्रू वेगळे. थंड करणारं पाणी जिथून आत येतं तिथे चिखल किंवा प्लास्टिक अडकतं, इंजिन तापतं, पिस्टन फुगून लायनरला धरतो. नोझल नीट फवारा न मारता ठिबकायला लागला, की पिस्टनचा माथा जळतो. अशा वेळी नोझल न तपासता नुसता पिस्टन बदलणं म्हणजे नवाही जाळणं. जाळं ओढताना इंजिन तासन्‌तास पूर्ण भाराखाली असतं, ते वेगळंच.

शर्यतीकडून घ्यायची ती तासांची नोंद ठेवणारी वही. ती बघायला फार लांब जायलाही नको. याच जयगडला २००९ पासून जेएसडब्ल्यूचं बंदर आहे. तिथे येणाऱ्या मोठ्या जहाजांवर प्रत्येक सिलिंडरचे तास स्वतंत्र लिहिलेले असतात, आणि त्यांच्या मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनांत हवा आत घेणाऱ्या झरोक्यांतून, इंजिन न खोलता, रिंगा तपासता येतात. मच्छीमाराच्या बोटीवर मात्र हे सगळं ड्रायव्हरच्या डोक्यात असतं. ड्रायव्हर दुसऱ्या बोटीवर गेला, की इंजिनाचा इतिहासही त्याच्याबरोबर जातो.

मला याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. शर्यतीत पिस्टन तुटला तर बहुधा गाडी बाजूला लागते, शर्यत हुकते. ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्र अजून खवळलेला असतो, वारा किनाऱ्याकडे लोटतो, आणि इंजिन बंद पडलेली बोट जयगडच्या कातळाकडे सरकते. पैसे वाचवण्याचा निर्णय किनाऱ्यावर होतो. त्याचा धोका तांडेल आणि खलाशी पत्करतात. मालकाची अडचण खोटी नाही. डिझेल, बर्फ, जाळी यांचा खर्च भागवून हातात उरतं किती, हे त्यालाच ठाऊक. तरीही ‘अजून एक हंगाम’ हा शब्द बोटीवर न जाणाऱ्याने एकट्याने उच्चारू नये, असं माझं ठाम मत आहे. पिस्टन किती झिजला, एवढंच विचारून भागत नाही. तो भर समुद्रात गेला तर बोटीवर कोण असेल, हेही विचारावं लागतं.

तेव्हा येत्या जूनमध्ये इंजिन खोलाल तेव्हा एक वही घाला. अवर मीटर बंद असेल तर आधी तो चालू करून घ्या. प्रत्येक सिलिंडरचं माप, बदललेला भाग, घातलेलं तेल आणि इंजिन तापल्याची तारीख लिहा. आणि पिस्टन पुन्हा बसवण्याआधी तांडेलाला आणि ड्रायव्हरला फळीपाशी बोलावून विचारा, की या पिस्टनांवर तुम्ही समुद्रात जाल का.